सवय एकट्याची नसते
(प्रस्तावना)

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या काळात लंडनमधल्या डॉक्टरांपुढे एक नवी चिंता उभी राहिली होती. पन्नाशीच्या आतबाहेरचे, वरवर धडधाकट दिसणारे पुरुष हृदयविकाराच्या झटक्याने जात होते आणि त्यांची संख्या वाढत होती. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी कारणाचा शोध माणसांच्या कामात घ्यायचे ठरवले. त्यांनी ज्यांच्या नोंदी जमवल्या, त्यांत शहरातल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर होते. दोघांची बस एक, दोघेही कामगार वर्गातले, पगारातही जमीन-अस्मानाचे अंतर नाही. तरीही ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार कितीतरी अधिक आणि पहिल्याच झटक्यात दगावण्याचे प्रमाणही अधिक. ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून असे. कंडक्टर मात्र वरच्या मजल्यावरच्या प्रवाशांची तिकिटे काढण्यासाठी दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. मॉरिस यांचे हे निष्कर्ष १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मुळात स्थूल माणसेच ड्रायव्हर होत असतील, ही शंका त्यांनाही आली होती. गणवेशाच्या विजारींची मापे काढून पाहिल्यावर ती काही अंशी खरीही निघाली. पण टपाल खात्यात पायी आणि सायकलने पत्रे वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांची तुलना केली, तेव्हा तिथेही तोच कल दिसला.

मुंबईच्या वाचकाला ही बस समजावून सांगायला नको. बेस्टच्या जुन्या दुमजली गाड्यांचा तो अरुंद, वळणाचा जिना कित्येकांच्या पायांना अजून आठवत असेल. मॉरिस यांच्या अभ्यासानंतर व्यायाम या विषयावर हजारो निबंध लिहिले गेले. माझे लक्ष मात्र त्या कंडक्टराकडेच पुनःपुन्हा जाते. त्याने व्यायामाचा संकल्प सोडला नव्हता, पहाटेचा गजर लावला नव्हता, की कोणाचे व्याख्यान ऐकले नव्हते. त्याच्या हृदयाला जे मिळाले ते त्याच्या कामाच्या रचनेने दिले. शेजारी, अवघ्या काही हातांवर बसलेल्या ड्रायव्हराकडून ते त्याच कामाच्या रचनेने काढून घेतले. दोघांपैकी एक सद्गुणी आणि दुसरा आळशी होता, असे कोणी म्हणू शकेल काय?

आपल्या सवयींचा आणि मनोवृत्तीचा आपल्या प्रकृतीवर व आयुष्याच्या लांबीवर किती परिणाम होतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. परिणाम होतो, आणि तो थोडाथोडका नाही. पण या विषयावरचे आपल्याकडचे बहुतेक लेखन एकट्या माणसाला समोर बसवून केलेले असते. तू लवकर ऊठ, तू साखर सोड, तू चाल, तू आनंदी राहा. यातला बराच सल्ला चुकीचा नसतो. तरीही महिन्याभरात तो गळून पडतो आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. माझे म्हणणे असे की सवय ही वस्तू एकट्याच्या मालकीची नसतेच. ती घराची, कामाची, रस्त्याची, बाजाराची आणि सोबतच्या माणसांची असते. आपण तिच्यातले एक भागीदार असतो. पुढची सगळी प्रकरणे या एका धाग्यावर ओवलेली आहेत.

सवयींचे मोल आकड्यांत मांडण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे अलमीडा नावाची काउंटी आहे. ओकलंड आणि बर्कली ही शहरे तिच्यात येतात. तिथल्या सुमारे ७ हजार प्रौढांकडून १९६५ साली लेस्टर ब्रेस्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नावली भरून घेतली आणि पुढे अनेक वर्षे या लोकांचा मागोवा घेतला. सात सवयी तपासल्या होत्या. सात-आठ तास झोप, धूम्रपान नाही, दारू नाही किंवा बेताची, नियमित हालचाल, वजन आटोक्यात, रोज न्याहारी आणि अधेमधे खाणे नाही. ४५ वर्षांच्या ज्या पुरुषांना यांतल्या सहा-सात सवयी होत्या, त्यांना तीन किंवा कमी सवयी असलेल्यांपेक्षा सुमारे ११ वर्षे अधिक आयुष्य अपेक्षित होते. स्त्रियांत हा फरक सुमारे ७ वर्षांचा होता. न्याहारी आणि अधेमधे खाणे या दोन गोष्टींचे वजन पुढच्या विश्लेषणांत कमी झाले. उरलेल्या पाच टिकून राहिल्या. यादीत कोणतीही दुर्मीळ वनस्पती नाही, महाग उपकरण नाही. आपल्या आजी-आजोबांना ती वाचून दाखवली असती तर त्यांनी एवढेच विचारले असते, की यात नवे काय आहे.

नवे त्याच प्रश्नावलीतून १९७९ साली बाहेर आले. लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी त्याच माणसांच्या नोंदी दुसऱ्या बाजूने वाचल्या. लग्न झाले आहे का, मित्र आणि नातेवाईक किती, त्यांच्याशी गाठभेट होते का, चर्चला किंवा एखाद्या मंडळाला जाता का? ज्यांचे असे धागे सर्वांत कमी होते, त्यांच्यात पुढच्या नऊ वर्षांतला मृत्यूचा धोका भरपूर धागे असलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघाला. धूम्रपान, दारू, वजन, हालचाल यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही तो फरक पुसला गेला नाही. म्हणजे सोबत ही चांगल्या सवयींकडे नेणारी वाट असते एवढेच नाही, तिचे स्वतःचेही वेगळे बळ असते.

हे वाचताना मला आपल्या गावांतली भजनी मंडळे, बचत गटांच्या बैठका, देवळाच्या पारावरची संध्याकाळ, शहरांतले ज्येष्ठ नागरिक संघ आणि उद्यानातले कट्टे डोळ्यांसमोर येतात. वारीला जाणाऱ्या दिंडीत माणूस दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतो. त्याच माणसाला घरून एकट्याने तेवढे चालायला सांगितले तर तिसऱ्या दिवशी त्याचा पाय निघणार नाही. दुसऱ्या बाजूला पुण्या-मुंबईतल्या, ठाण्या-नाशिकातल्या त्या सदनिका येतात, जिथे मुले परदेशी गेल्यावर आई किंवा वडील एकटे उरले आहेत. औषधांचे डबे वेळच्या वेळी भरलेले, रक्ततपासणी दर सहा महिन्यांनी, आणि दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द दूधवाल्याशी आणि घरकामाच्या बाईंशी बोललेले तेवढेच. वैद्यकीय कागदपत्रांत या माणसाची प्रकृती उत्तम असते. या विषयावर पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे, आणि लिहिताना सर्वाधिक वेळ मी त्यालाच दिला.

मात्र नाते म्हणजे आपोआप आरोग्य, असे मानणे भोळेपणाचे होईल. भरल्या घरात सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवणारी बाई अलमीडाच्या प्रश्नावलीत ‘विवाहित, नातेवाईक भरपूर’ अशीच नोंदली गेली असती. सोबत कोणती आणि त्या सोबतीत आपल्याला स्थान काय, हा प्रश्न मोजणीत सहज निसटतो. ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासात मायकेल मार्मट यांना तोच प्रश्न वेगळ्या रूपात भेटला. हे सगळे पक्क्या नोकरीचे, पोटाला कमी न पडणारे लोक होते. तरी हुद्द्याच्या उतरंडीत जो जितका खाली, त्याला मृत्यूचा धोका तितका जास्त. खालच्या हुद्द्यांवर धूम्रपान अधिक होते, हे खरे. पण धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल एकत्र धरूनही या फरकाचा काही भागच उलगडला. आपल्या कामावर आपला ताबा किती, ही गोष्ट शरीरापर्यंत पोचते असे मार्मट यांचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते.

ते का पटते हे सांगायला मला लंडनला जावे लागत नाही. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत पहाटेच्या अंधारात फड गाठायचा, वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायच्या. पायऱ्या मोजल्या तर लंडनच्या कंडक्टराच्या कितीतरी पुढे जातील. पण एक दिवस खाडा झाला तर मजुरी जाते आणि वर दंड बसतो, म्हणून पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, फडावर पुरेसे पाणी नाही, आडोसा नाही. बीड जिल्ह्यातल्या हजारो ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ साली शासनाच्याच समितीच्या पाहणीतून पुढे आले. त्यांतल्या कित्येकींचे वय चाळिशीच्याही आत होते. श्रम हा आरोग्यदायी असतो हे वाक्य या बायांसमोर उच्चारायला जीभ धजावत नाही. हालचाल, विश्रांती, अन्न आणि स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेण्याची मोकळीक ही सगळी एकत्र असतील तरच चालण्याचा फायदा चालणाऱ्याला मिळतो. दीर्घायुष्यावरच्या आपल्याकडच्या पुस्तकांत ऊसतोड कामगार जवळजवळ कुठेच भेटत नाहीत. या पुस्तकात ते आहेत, आणि परिशिष्टात नाहीत.

सवयींची मुळे माणसाच्या जन्माआधीपर्यंत जातात, हे पुण्यात झालेल्या कामाने फार स्पष्टपणे दाखवले. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा, आणि पुढे त्यांच्या मुलांचा, मागोवा घेतला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोच्या घरात होती. पण पुण्याकडच्या या किरकोळ बाळांच्या अंगावर चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. घट होती ती स्नायूंत आणि अवयवांत. दिसायला काटकुळे, आतून स्थूल. आपल्याकडे पोट न सुटलेल्या, वजनाने बेताच्या माणसालाही चाळिशीतच मधुमेह का गाठतो, याचा एक धागा इथे सापडतो. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी काढलेले छायाचित्र छापून आले. उंची आणि वजनाच्या हिशेबाने काढलेला दोघांचा निर्देशांक एकच होता, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हे छायाचित्र मी अनेकांना दाखवतो, कारण ‘मी तर सडपातळ आहे’ हा आपल्याकडचा सर्वांत धोकादायक दिलासा आहे.

आईच्या ताटाचा लेकराच्या पन्नाशीतल्या प्रकृतीशी संबंध असतो, हे इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायरमधल्या सुईणींच्या जुन्या वह्यांवरून आधीच मांडले होते. याज्ञिक यांच्या कामाने ते आपल्या मातीत आणून ठेवले. मधुमेह झालेल्या माणसाला ‘तू गोड खाल्लेस, भोग आता’ असे सुनावणाऱ्या नातेवाइकांनी हे एकदा समजून घ्यावे. त्याच्या आजारात त्याचा वाटा आहे, तसा गरोदरपणी पालेभाजी आणि दूध न मिळालेल्या त्याच्या आईच्या उपासमारीचाही आहे. आजच्या गरोदर मुलीच्या ताटात काय पडते, हा म्हणूनच २०७५ सालच्या महाराष्ट्राच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

एवढे वाचून कोणाला वाटेल, की मग एकट्याच्या हातात काही उरलेच नाही. तसे वाटू नये म्हणून फिनलंडची हकिकत थोडी सविस्तर सांगतो. नॉर्थ करेलिया हा त्या देशाचा पूर्वेकडचा, रशियाला लागून असलेला प्रांत. लोक लाकूडतोडे आणि छोटे गवळी-शेतकरी, अंगमेहनतीचे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस फिनलंडमधल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू जगात सर्वाधिक होते आणि फिनलंडमध्ये नॉर्थ करेलियात सर्वाधिक. घराघरांत चाळिशी-पन्नाशीतले कर्ते पुरुष जात होते. बर्फाच्या त्या प्रदेशात भाजी म्हणजे गुरांचा चारा अशी समजूत होती. पावावर लोण्याचा जाड थर, मलईचे दूध, खारवलेले मांस, आणि निम्म्याच्या आसपास पुरुषांच्या ओठांत सिगारेट. १९७१ साली तिथल्या लोकप्रतिनिधींनी आणि गव्हर्नरांनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला, की आमच्या माणसांना वाचवा. पुढच्या वर्षी कामाला सुरुवात झाली. नेतृत्व सोपवले होते पेक्का पुस्का या सत्ताविशीतल्या डॉक्टरांकडे.

पुस्का यांनी केलेली शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्यांनी फक्त पत्रके वाटली नाहीत. ते मार्था नावाच्या गृहिणींच्या संघटनेकडे गेले. गावोगावी त्या बायकांनी मेजवान्या घातल्या. पदार्थ तेच, आजीच्या हातचे, पण लोणी कमी, मीठ कमी, भाजी जास्त. पाहुण्यांनी पोटभर खाल्ले आणि मग कृती विचारली. गावागावांत कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या चढाओढी लागल्या. सॉसेज बनवणाऱ्या कारखान्याला मांसाचा काही भाग काढून तिथे अळंबी घालायला राजी केले. दुग्धव्यवसायाने अर्थातच विरोध केला, कारण त्यांच्या पोटावर पाय येत होता. तेव्हा १९८०च्या दशकात गवळ्यांना बेरीवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळवण्यासाठी सरकारी मदतीचा कार्यक्रम आला. जंगलात आपसूक येणाऱ्या त्या फळांचा उद्योग उभा राहिला. धूम्रपान सोडण्याचे कार्यक्रम दूरचित्रवाणीवर झाले. यथावकाश नॉर्थ करेलियातले कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. यात नंतरच्या औषधोपचारांचाही वाटा आहे, पण सुरुवातीची मोठी घसरण ताटातल्या आणि ओठांतल्या बदलाने झाली. एका माणसाने एकट्याने लोणी सोडायचे ठरवले असते, तर त्याच्या बायकोला वेगळा स्वयंपाक करावा लागला असता, शेजाऱ्याने थट्टा केली असती आणि दुकानात दुसरे काही मिळाले नसते. सगळ्यांनी मिळून ठरवले, तेव्हा कोणालाच एकट्याने फार मोठा निग्रह करावा लागला नाही.

आपल्याकडे असे होऊ शकते काय? महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण टपरीवर पुड्या चोरून मिळतच राहिल्या. मिश्री लावण्याची सवय तर आईकडून मुलीकडे चालत येते आणि तिला कोणी व्यसन म्हणतही नाही. कायद्याने दुकान बंद करणे हे अर्धे काम. मार्थाच्या बायकांनी केले ते दुसरे अर्धे. आपल्या गावांत बचत गट आहेत, आशाताई आहेत, अंगणवाडी आहे. माणसांची कमतरता मला दिसत नाही.

आता दृष्टिकोनाकडे येतो. याविषयी फार सैल बोलले जाते, म्हणून जरा काटेकोर राहिलेले बरे. येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावातल्या पन्नाशीपुढच्या ६६० जणांना १९७५ साली म्हातारपणाविषयी प्रश्न विचारले होते. ‘वय वाढते तसा माणूस निरुपयोगी होत जातो, हे पटते का?’ अशा धर्तीचे. म्हातारपणाकडे अनुकूल नजरेने पाहणारी माणसे प्रतिकूल नजरेने पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगली. वय, स्त्री-पुरुष भेद, सांपत्तिक स्थिती, एकटेपणा आणि त्यावेळची प्रकृती यांचा हिशेब धरूनही फरक उरला. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्या घरात रोज ऐकू येते, त्या घरातल्या साठीच्या माणसाचा विचार करा. गुडघा दुखला तर तो वयाचा दोष समजून घरात बसतो, ऐकू येईनासे झाले तर यंत्र घेत नाही, पडलो तर हसे होईल म्हणून बाहेर पडत नाही. दृष्टिकोन असा पायांतून आणि कानांतून काम करतो. त्यासाठी मनाच्या कोणत्या गूढ शक्तीला साकडे घालायची गरज नाही. आणि हा दृष्टिकोनही त्या माणसाने एकट्याने बनवलेला नसतो, तो त्याला आसपासच्यांनी सुचवलेला असतो.

पण आनंदी राहा म्हणजे जास्त जगाल, हे वाक्य मी पुस्तकात कुठेही लिहिलेले नाही. कॅलिफोर्नियात लुईस टर्मन यांनी १९२१ पासून सुमारे दीड हजार हुशार मुलांचा आयुष्यभर मागोवा ठेवण्याची व्यवस्था केली. पुढे हॉवर्ड फ्रीडमन यांनी त्या नोंदी तपासल्या, तेव्हा लहानपणी सर्वांत खेळकर, बेफिकीर म्हणून नोंदलेली मुले तुलनेने लवकर गेलेली आढळली. नेटकी, जबाबदार, हातात घेतलेले तडीस नेणारी मुले अधिक जगली. २०१५ साली ब्रिटनमधल्या सात लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासातही असेच काही दिसले. दुःखी स्त्रियांत मृत्यू जास्त होते, पण मुळातली प्रकृती लक्षात घेतली की तो फरक नाहीसा झाला. आजारी असल्यामुळे त्या दुःखी होत्या. दुःखामुळे त्यांचे आयुष्य घटल्याचे दिसले नाही.

हे मी आग्रहाने मांडतो, कारण ‘सकारात्मक राहा’ या उपदेशाची एक बाजू फार निर्दय आहे. कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाला भेटायला येणारे हितचिंतक जाताना सांगून जातात, की मन खंबीर ठेव, सगळे मनावरच असते. उपचार लागू पडले नाहीत, तर त्याचा अर्थ असा निघतो, की त्याचे मनच कमी पडले. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला रडण्याचीही परवानगी उरत नाही. मी हे पाहिले आहे आणि ते पाहताना मला राग आला आहे. उपचार चालू असताना सोबत बसावे, रिपोर्ट आणून द्यावेत, त्याला हवे तेव्हा गप्प राहू द्यावे. मनोवृत्ती सुधारण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकू नये.

महाराष्ट्रात दीर्घायुष्याची गोष्ट निघाली की महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव येतेच, आणि यायलाच हवे. १८५८ ते १९६२, पूर्ण १०४ वर्षे. शाळकरी वयात सरकारी परीक्षेसाठी ते कोकणातल्या मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसू दिले नाही तेव्हा परत आले. हिंगण्याचा आश्रम उभारताना पुण्यातले शिकवणे संपवून त्यांनी पुणे ते हिंगणे हे अंतर कित्येकदा चिखल तुडवत कापले. ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली ती ७८व्या वर्षी, समता संघ काढला तो ८६व्या वर्षी. पुढच्या दहा वर्षांत करायचे काम ज्याच्याकडे नेहमी असते, असा हा माणूस. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा मुरूडने त्यांना वाळीत टाकले. बर्कमन आणि साइम यांच्या नोंदवहीत तो धागा तुटलाच असता. पण त्यांनी हिंगण्याला शेकडो मुलींचे, सहकाऱ्यांचे, आजीव सेवकांचे एक नवे गाव वसवले आणि उरलेले सगळे आयुष्य त्या गावात काढले.

तरीही कर्व्यांच्या आयुष्यातून नियम काढण्याचा मोह मी टाळला आहे. त्यांचे थोरले चिरंजीव र. धों. कर्वे. १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक एकहाती चालवणारे, आरोग्याविषयी त्या काळात कोणी बोलत नव्हते ते बोलणारे, व्यासंगी आणि शिस्तीचे. ते १९५३ साली ७१व्या वर्षी गेले. वडील त्यांच्यानंतर नऊ वर्षे जगले. एकाच घरातल्या दोन कणखर माणसांत ३३ वर्षांचे अंतर पडले. आनुवंशिकता असते, योगायोग असतो, आणि हजारो माणसांच्या सरासरीतून निघालेली गोष्ट एका माणसाला जशीच्या तशी लागू होत नाही. शतायुषी माणसांच्या मुलाखतींवर बेतलेली पुस्तके मी म्हणूनच बेताने वापरली आहेत. जपानमध्ये २०१० साली तपासणी झाली, तेव्हा शंभरी ओलांडलेल्या २ लाख ३० हजारांहून अधिक लोकांची नावे नोंदवहीत होती आणि माणसांचा पत्ता नव्हता. आपल्याकडे जन्मनोंदणी सर्व देशासाठी एका कायद्याखाली आली तीच १९६९ साली. अमक्या खेड्यात सगळे शंभर वर्षे जगतात, अशा बातम्यांकडे त्या हिशेबाने पाहावे.

साठीला आलेले वाचक विचारतील, की आता उशीर झाला का? धूम्रपानापुरते तरी याचे उत्तर अगदी नेमके आहे. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली डॉक्टरांच्याच सवयींचा अभ्यास सुरू केला. पन्नास वर्षांनी हिशेब लागला, की आयुष्यभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे १० वर्षे आधी जातात. तिशीत सोडली तर ही जवळजवळ सगळी वर्षे परत मिळतात, चाळिशीत सोडली तर ९, पन्नाशीत ६, आणि साठीत सोडली तरी ३. तीन वर्षांत नातवाची शाळा सुरू होते. एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. हे पुस्तक वाचून कोणीही रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. सवयी औषधाला साथ देतात. कधी त्यामुळे गोळी कमी होते, पण ती डॉक्टरांनी तपासून कमी करायची असते.

पुस्तक क्रमानेच वाचावे असा आग्रह नाही, पण पहिले प्रकरण झोपेवर का आहे ते सांगतो. अलमीडाच्या यादीतही झोप होती आणि आपल्या घरांत तिचीच सर्वाधिक हेळसांड होते. शिवाय सवय एकट्याची नसते, हे झोपेइतके दुसऱ्या कशातही उघडपणे दिसत नाही. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या बाईला दहाला झोपायचे असेल, तर आधी घरच्यांचे जेवण नऊच्या आत व्हावे लागते. भांडी तिच्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी घासावी लागतात, टीव्हीचा आवाज आणि मुलाच्या मोबाइलचा उजेड बंद व्हावा लागतो, आणि सासूबाईंच्या रात्रीच्या औषधाची वेळ नवऱ्याला लक्षात ठेवावी लागते. म्हणून ते प्रकरण तिने एकटीने वाचू नये. रविवारी दुपारी घरातल्या सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचावे, आणि वाचायला नवऱ्याला द्यावे.